वाचक विचारतात : वीतभर क्रॉलर गाड्यांची गंमत आणि मर्यादा

रिमोटवर चालणाऱ्या क्रॉलर गाड्यांविषयी, म्हणजे शर्यतीसाठी नव्हे तर दगडधोंड्यांवरून सावकाश चढून जाण्यासाठी बनवलेल्या चारचाकी प्रतिकृतींविषयी, गेल्या अंकात एक छोटी टीप छापली होती. त्यावर आलेली बहुतेक पत्रे सर्वांत लहान गाड्यांबद्दलच, म्हणजे मूळ गाडीच्या १/२४ किंवा १/१८ प्रमाणात बनवलेल्या गाड्यांबद्दल आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा अडतीस वर्षांचा आहे. त्याने वीतभर लांबीची एक जीप आणली असून रविवारची अख्खी सकाळ तो ती अंगणातल्या दगडांवरून चालवण्यात घालवतो. गाडी गोगलगायीच्या चालीने जाते आणि दर दोन मिनिटांनी उलटते. यात नेमका आनंद कशाचा, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. (एक सेवानिवृत्त वाचक, सांगली)

उत्तर : आनंद वाट शोधण्याचा आहे. पुढच्या वेळी आपण खुर्ची थोडी जवळ ओढून गाडीच्या चाकांकडे पाहावे. पुढचे उजवे चाक दगडाच्या कडेला टेकते, टायरची भिंत किंचित दबते, स्टिअरिंग फिरवणाऱ्या सर्व्होचा बारीक किर्र आवाज येतो आणि त्याच वेळी मागचे डावे चाक जमिनीपासून सुटून अधांतरी लटकते. या क्षणी ट्रिगर केसभर जास्त दाबला गेला तर गाडी मागच्या मागे कोलमडते, कमी पडला तर ती जागच्या जागी थबकते. आणि नेमका तेवढाच दाबला गेला तर ती कड ओलांडून वर येते. आपला मुलगा जी चढण दहा वेळा पाहतो, बोटाने चाचपतो आणि मग दोन बोटे डावीकडून सुरुवात करतो, ती त्याच्या दृष्टीने एखाद्या घाटवाटेइतकी गुंतागुंतीची असते.

हा छंद मुळात मोठ्या गाड्यांचा आहे. जपानच्या टामिया कंपनीने १९८५ मध्ये ‘ब्रुझर’ नावाचा १/१० प्रमाणाचा ट्रक आणला, त्यात तीन गिअरची पेटी आणि पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. १९८७ मध्ये त्याच कंपनीचा ‘क्लॉड बस्टर’ आला. त्याच्या दोन्ही आसांवर स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाके वळत असत. हौशी मंडळींनी हे आस काढून स्वतः बनवलेल्या सांगाड्यांवर बसवले आणि खडकांवर चढणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी अनेक अशाच घरच्या घरी जन्मल्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या ॲक्सिअल कंपनीने खास या कामासाठीच तयार गाड्या विकायला सुरुवात केली. मात्र १/१० ची गाडी दोन-तीन किलोंची असते आणि तिला पुरेल असा खडकाळ उतार गाठायला गावाबाहेर जावे लागते. २०२० च्या सुमारास ॲक्सिअलचीच एससीएक्स२४ ही १/२४ ची गाडी बाजारात आली आणि हे चित्र बदलले. दोन कुंड्या, चार धोंडे आणि एक झिजलेली पायरी एवढ्यावर सकाळ निघू लागली. शिडीसारखा लोखंडी सांगाडा, अखंड आस, प्रत्येक आसाला धरून ठेवणाऱ्या चार दांड्या आणि कायम जखडलेले डिफरन्शियल, म्हणजे डावे-उजवे चाक नेहमी एकाच गतीने फिरणे, ही सगळी यंत्ररचना तिच्यात खरीखुरी असते. त्यामुळे ही गाडी खोलून पुन्हा जोडण्यातही तितकाच वेळ मजेत जातो. आपल्या मुलाच्या रविवारची काळजी करू नये. दूरचित्रवाणीवर क्रिकेट पाहणाऱ्यांच्या मानाने तो निदान उन्हात तरी बसतो.

प्रश्न : माझ्या मित्राची १/१० ची क्रॉलर ज्या दगडावर सहज चढते, त्याच दगडावर माझी १/२४ ची गाडी घसरते किंवा उलटते. दोन्हींची रचना तर सारखीच दिसते. दोष गाडीचा आहे की माझ्या हाताचा? (ठाणे)

उत्तर : थोडा हाताचा असेलही, पण मुख्य कारण असे की गाडी चोवीस पटींनी लहान झाली आणि दगड मात्र होता तेवढाच राहिला. आपल्या गाडीच्या टायरचा व्यास पाच-साडेपाच सेंटीमीटर असतो, तर मित्राच्या गाडीचा अकरा-बारा. पाच सेंटीमीटर उंचीची उभी कड त्याच्या गाडीला अर्ध्या चाकापेक्षा कमी आहे आणि आपल्या गाडीला जवळजवळ पूर्ण चाकाएवढी. तेव्हा दोन्ही गाड्यांना एकाच दगडावर तोलणे हा मुळातच अन्याय आहे. आपल्या गाडीसमोर निम्म्या उंचीचा दगड ठेवून पाहावा, निकाल बराच वेगळा येईल.

तरीही, दगड प्रमाणात लहान केल्यावरसुद्धा, लहान गाडी थोडी मागेच पडते. लांबी चोवीस पटींनी घटवली की जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ २४ गुणिले २४ म्हणजे ५७६ पटींनी घटते आणि वजन २४ चा घन म्हणजे १३,८२४ पटींनी. दोन टनांची खरी जीप काटेकोर प्रमाणात उतरवली तर ती जेमतेम १४५ ग्रॅमची भरेल. बाजारातली गाडी त्याहून जड, पाव किलोच्या आसपास असते, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. टायर दगडावर जो दाब देतो तो खऱ्या जीपच्या दहाव्या हिश्शाहूनही कमीच राहतो. खऱ्या जीपचे टायर हवा कमी केल्यावर खडकावर पसरतात, त्याच्या खाचाखोचांत रुततात आणि पकड घेतात. आपल्या गाडीचा टायर मात्र दगडावर नुसता टेकून राहतो, कारण त्याला दाबण्याइतके वजनच वर नसते. रबर मऊ हवे, आतला फोम मऊ हवा आणि वजन वाढवायला हवे, या तिन्ही गोष्टी छंदातले लोक पुन्हा पुन्हा सांगतात, त्यांचे मूळ येथे आहे. स्प्रिंगांचीही तीच रड आहे. धक्के शोषणाऱ्या इवल्या शॉकमधल्या दांड्यांचे घर्षण एवढ्या हलक्या गाडीच्या मानाने फार होते, म्हणून चाक खड्ड्यात उतरायचे ते अडूनच राहते.

उलटण्याचे कारण भूमितीचे आहे. डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधले अंतर आठ सेंटीमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून चार सेंटीमीटर उंच असेल, तर आडव्या उतारावर गाडी ४५ अंशांना कलंडते. तोच गुरुत्वमध्य अर्धा सेंटीमीटर खाली आणला की हा कोन ४९ अंशांच्या जवळ जातो. उलट, टपावर सामानाची जाळी, जास्तीचे चाक आणि दिव्यांची पट्टी बसवली, जी दिसायला फारच छान दिसते, तर तो कमी होतो. लहान गाडी उलटते ती झटकन उलटते, हाही भाग आहे. पडण्याला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो आणि २४ चे वर्गमूळ ४.९ आहे. खरी जीप कलंडायला एक सेकंद घेत असेल तर आपली गाडी त्याच्या पाचव्या हिश्शात आडवी होते. सावरायला बोट हलण्याआधीच सगळे होऊन गेलेले असते. हाताचा दोष मी एवढ्याचसाठी थोडा म्हटला.

प्रश्न : गाडी घेतल्यापासून पितळी चाके, पितळी आस-झाकणे, धातूचे गिअर असलेला सर्व्हो, ब्रशलेस मोटर अशी यादी वाढतच चालली आहे. आधी काय बदलावे आणि कुठे थांबावे? (नाशिक)

उत्तर : आधी टायर. बाकी काहीही बदलण्यापूर्वी मऊ रबराचे टायर आणि त्यांत बसणारे मऊ फोम घ्यावेत, कारण वर सांगितल्याप्रमाणे गाडीची मोठी उणीव तिथेच आहे. रुपयामागे मिळणारा फरक यातच सर्वांत ठसठशीत जाणवतो.

त्यानंतर वजन, पण जपून. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड असते आणि सांगाड्यासाठी वापरले जाणारे नायलॉनसारखे प्लास्टिक पाण्यापेक्षा जेमतेम थोडे जड. म्हणून पितळेचा अगदी छोटा भागही मोठा फरक करतो. हे वजन चाकांत आणि आसांवर, म्हणजे स्प्रिंगांच्या खाली, आणि मागच्यापेक्षा पुढे जास्त असावे. चढणीवर वजन आपोआप मागे सरकते, ते आधीच पुढे ठेवले असेल तर पुढची चाके दगडाला धरून राहतात. बॅटरीही शक्य तेवढी खाली आणि पुढे आणावी, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

पुढचा टप्पा सर्व्होचा. जड चाके दगडात अडकली की मूळचा लहान सर्व्हो ती वळवू शकत नाही, त्याचे प्लास्टिकचे दातेही झिजतात. मात्र जोरकस सर्व्हो विजेचा जोरदार घोट घेतो. त्याला वीज पुरवणारे सर्किट दुबळे असेल तर स्टिअरिंग अडकताच रिमोटचे संकेत घेणाऱ्या रिसीव्हरची वीज क्षणभर पडते आणि गाडी मान टाकते. अनेक जण ही मोटरची बिघाडी समजतात. म्हणून सर्व्हो घेण्याआधी आपल्या कंट्रोलरची, म्हणजे गाडीत बसवलेल्या या सर्किटची, क्षमता तपासावी.

मोटरचा बदल हा शेवटचा आणि माझ्या मते बहुतेकांना अनावश्यक आहे. मूळ ब्रश असलेल्या छोट्या मोटरला घर्षण तोडून सुरू होण्यासाठी ठरावीक व्होल्टेज लागते. त्यामुळे अगदी हळू सुरुवात करताना गाडी एकदम उडी घेते. फ्युरिटेकसारख्या कंपन्यांच्या छोट्या ब्रशलेस मोटरी आणि त्यांचे कंट्रोलर ही उडी बरीच काढून टाकतात आणि गाडी घड्याळाच्या काट्यासारखी सरकते, हे खरे आहे. पण या मोटरीचा जोर आसांपर्यंत गती नेणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्यांवर येतो, त्या पिळवटतात, मग लोखंडी दांड्या आणाव्या लागतात, मग आसांतले गिअर दाते सोडतात. पितळ वाढवत गेल्यावरही नेमके हेच होते. सुट्या भागांवर झालेला खर्च गाडीच्या किमतीएवढा झाला असेल तर यादी तिथेच मिटावी. त्याच पैशांत मोठ्या प्रमाणाची दुसरी गाडी येते आणि तिला जे जमते ते कितीही पितळ लावले तरी या गाडीला जमणार नाही.

दीड मिलीमीटरचा चांगल्या पोलादाचा ॲलन ड्रायव्हर मात्र पहिल्याच दिवशी घ्यावा. गाडीबरोबर आलेल्या साध्या चावीने स्क्रूचे डोके गोल झाले की तो काढताना रडू येते.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातीला वाढदिवसाला द्यावी का? (कोल्हापूर)

उत्तर : एकटीने खेळायला नको. बहुतेक उत्पादक या गाड्यांसाठी चौदा वर्षांपुढील वय सांगतात. त्याचे एक कारण लिथियम पॉलिमर बॅटरी हे आहे. ती फुगली, टोचली गेली किंवा चुकीच्या चार्जरला लावली तर पेट घेऊ शकते, म्हणून चार्ज होत असताना मोठ्या माणसाने समोर असावे. आजोबा शेजारी बसणार असतील तर आठ वर्षांची मुलगी ही गाडी उत्तम चालवते. लहान मुलांना घाई नसते आणि या गाडीला तेच लागते. फक्त बटण दाबले की सुसाट सुटणारी खेळण्याच्या दुकानातली ‘क्रॉलर’ तेवढी घेऊ नये; ट्रिगर जितका दाबू तितकाच वेग मिळत नसेल तर दगडावर ती काही कामाची नाही.

प्रश्न : आमच्याकडे सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, आणि जांभ्याचे दगड भरपूर आहेत. पावसाळ्यात गाडी बाहेर काढावी का? (रत्नागिरी)

उत्तर : कोरडा जांभा या गाड्यांना फार मानवतो. त्याची छिद्रे आणि खडबडीत कडा चाकाएवढ्याच मापाच्या असल्याने टायरला धरायला जागोजाग आधार मिळतो. घाटावरच्या गुळगुळीत काळ्या कातळावर जी गाडी घसरते, तीच जांभ्यावर पालीसारखी चढते. पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले की हा फायदा संपतो, आणि जांभ्याची लाल माती ओली झाल्यावर टायरच्या खाचा अशी बुजवते की टायर गुळगुळीत होऊन जातो. सड्यावरचे गवत हा आणखी वेगळा अडथळा आहे. खरी जीप जे गवत सहज तुडवून जाईल ते येथे गाडीच्या टपापर्यंत येते आणि त्याची पाती आसाभोवती गुंडाळली जाऊन मोटर थांबते. अशा वेळी ट्रिगर दाबत राहिल्यास मोटर जळते. गाडी उचलून चिमट्याने गवत काढावे.

गाडीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जलरोधक आहे असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले असले, तरी बेअरिंगे आणि मोटर तशी नसतात. भिजलेली गाडी गोड्या पाण्याने हलकेच पुसून, पंख्याखाली वाळवून बेअरिंगांत तेलाचा एकेक थेंब सोडावा. समुद्राच्या वाळूत ती नेऊच नये. खारे पाणी आत गेल्यावर बारीक बेअरिंगे गंजून जाम होतात.

आपल्या भागासाठी आणखी एक सूचना. उक्षी, कशेळी, बारसू येथील कातळशिल्पे याच सड्यांवर आहेत. पाव किलोच्या गाडीने ती झिजणार नाहीत, पण गाडीमागे फिरणाऱ्या आपल्या बुटांचे तसे सांगता येत नाही. कोरीव आकृती दिसली की गाडी उचलून पुढे जावे.

प्रश्न : पहिली गाडी १/२४ ची घ्यावी की १/१८ ची? दोन्हींच्या किमतींत फार अंतर दिसत नाही. (पुणे)

उत्तर : घरात, गॅलरीत किंवा टेबलावर चालवणार असाल तर १/२४, सोसायटीच्या बागेत, टेकडीवर नेणार असाल तर १/१८. ट्रॅक्सस कंपनीची २०२२ मध्ये आलेली टीआरएक्स-४एम ही १/१८ ची गाडी चांगले उदाहरण आहे. तिची बॅटरी ७५० मिलीॲम्पिअर-तासांची आहे, तर एससीएक्स२४ ची ३५०. शिवाय वजन आणि चाकांचा व्यास वाढल्याने दुसऱ्या उत्तरात सांगितलेल्या अडचणी बऱ्याच सौम्य होतात. १/२४ मध्येच राहायचे असेल तर एफएमएसच्या एफसीएक्स२४ चा विचार जरूर करावा. तिला दोन गिअर आहेत आणि युनिमॉग ट्रकप्रमाणे तिचा आस चाकाच्या मध्यरेषेच्या वर असतो, चाकाजवळच्या गिअरांनी गती खाली उतरवलेली असते. त्यामुळे गाडीचे पोट दगडाला कमी घासते. मात्र आस वर गेल्याने उंचीही थोडी वाढते, म्हणजे आडव्या उतारावर पुन्हा तोलाचा प्रश्न येतो.

किमतीच्या आधी सुटे भाग कुठे मिळतात ते पाहावे. भारताने खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले, त्याची झळ या छंदालाही बसते. परदेशातून मागवलेली शंभर रुपयांची दांडी घरी येईपर्यंत शंभरची राहत नाही. ज्या गाडीचे टायर, दांड्या आणि गिअर देशातल्या विक्रेत्याकडे हाताशी आहेत, तीच घेणे शहाणपणाचे आहे, मग ती किंचित कमी देखणी असली तरी हरकत नाही.

प्रश्न : डिसेंबरात भाच्यासाठी ही गाडी अमेरिकेहून पुण्याला आणायची आहे. बॅटरीची अडचण येईल का? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : सुटी लिथियम बॅटरी विमानात केबिनच्या सामानातच ठेवावी लागते, पोटातल्या सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांखालच्या बॅटरीला साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही, आणि ७.४ व्होल्ट, ३५० मिलीॲम्पिअर-तासांची आपली बॅटरी जेमतेम २.६ वॉट-तासांची भरते. ती गाडीतून काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, अर्धवट चार्ज केलेल्या अवस्थेत आणावी.

प्रश्न : गाडीचे व्हिडिओ काढतो, पण ते पाहताना ती खेळण्यातलीच वाटते. मोठ्या गाडीचा भास कसा आणावा? (अकोला)

उत्तर : लहान गाडीचे हेलकावे आणि आपटणे खऱ्या गाडीच्या सुमारे पाचपट वेगाने होते, याचे गणित वर ठाण्याच्या वाचकांच्या उत्तरात आले आहे, आणि डोळा नेमके तेवढ्यावरून खेळणे ओळखतो. चित्रपटांत बुटक्या प्रतिकृती चित्रित करणारे लोक कॅमेऱ्याचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाइतका वाढवत असत, तोच उपाय येथे करावा. फोनवर सेकंदाला १२० चौकटींनी चित्रण करून ते २४ चौकटींनी दाखवले की गती पाचपट मंदावते आणि १/२४ ची गाडी दगडावरून उतरताना जडशीळ वाटू लागते. १/१८ च्या गाडीला चारपटीच्या थोडे वर पुरते. फोन जमिनीला टेकवून, गाडीच्या काचेच्या उंचीवर धरावा. उभे राहून वरून घेतलेल्या चित्रणात कोणतीही गाडी खेळणेच दिसते. चित्रण सकाळी किंवा संध्याकाळी करावे आणि चौकटीत गवताचे पाते किंवा वाळलेले पान येणार नाही याची काळजी घ्यावी, कारण हातभर रुंदीच्या पानाशेजारी उभी असलेली जीप कुणालाच पटत नाही.